गोळा कुणी फेकला?



'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध लिहिला नाही असा मुलगा किंवा मुलगी मराठी शाळेत सापडायची नाही. तुमच्या आईबाबांनी लिहिला, त्यांच्या आधीच्यांनी लिहिला, आणि एखाद्या सहामाहीला तो तुमच्याही वाट्याला येईल. त्यातला शेवटचा परिच्छेद तर सगळ्यांचा तोंडपाठ असतो. सुरीने भाजी चिरता येते आणि खूनही करता येतो, त्यात सुरीचा काय दोष? दोष वापरणाऱ्याचा. म्हणून विज्ञान शापही नाही आणि वरदानही नाही. झालं! दहापैकी सात गुण.

सुरीचा दोष नाही हे मलाही मान्य आहे. पण या उदाहरणातून एक माणूस हळूच गायब झालेला असतो. सुरी आहे, भाजी चिरणारी आहे, खून करणारा आहे. मग सुरी घडवणारा लोहार कुठे गेला? समजा गिऱ्हाइकाने त्याला सरळ सांगितलं, "शेजाऱ्याच्या पोटात खुपसायचीय, चांगली धार लावून द्या," आणि त्याने दुप्पट पैसे घेऊन तशी धार लावून दिली, तर? तरी तो म्हणणार का, की मी आपला लोहार, धार लावणं माझं काम?

आज या लोहाराबद्दल बोलू. आजच्या काळात त्याला आपण इंजिनिअर म्हणतो. आणि तुमच्यातल्या निम्म्या जणांना (आणि पालकांमधल्या निम्म्याहून जास्त जणांना!) इंजिनिअर व्हायचं किंवा करायचं असतं, म्हणून हा विषय.

त्यासाठी आपल्याला शाहूवाडी तालुक्यात जायला हवं.

जुलै महिना आला की दरवर्षी शेकडो मुलं-माणसं पाठीवर पिशव्या टाकून पन्हाळ्यावरून विशाळगडाच्या वाटेला लागतात. मसाई पठार ओलांडायचं, चिखल तुडवायचा, जळवा उपटून फेकायच्या, आणि पांढरपाणीच्या पुढे पावनखिंडीत उतरायचं. विशाळगड आणि ही खिंड, दोन्ही शाहूवाडी तालुक्यातच. १६६० च्या जुलैत, आषाढी पौर्णिमेच्या सुमाराला भर पावसाच्या रात्री शिवाजी महाराज याच वाटेने सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले, आणि बाजीप्रभू देशपांडे खिंड अडवून उभे राहिले. शिवा काशीद, बांदलांचे मावळे, गडावरच्या तोफांचे आवाज हे सगळं तुम्हाला चौथीपासून ठाऊक आहे. ते मी पुन्हा सांगत बसत नाही.

मला सांगायची आहे ती वेढ्याच्या बाहेर उभ्या असलेल्या काही लोकांची गोष्ट. पुस्तकात तिला एखादी ओळ मिळते.

कोकणात राजापूरला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. हेन्री रेव्हिंग्टन हा तिथला प्रमुख. ही मंडळी व्यापारी. मिरी घ्यायची, कापड घ्यायचं, जहाजात भरायचं आणि हिशेब सुरतेला कळवायचा, हा त्यांचा धंदा. विजापूरचा आदिलशहा आणि महाराज यांच्या भांडणात कंपनी कुणाच्याच बाजूची नव्हती, निदान कागदावर तरी. पण पन्हाळ्याचा वेढा लांबला. गड उंच, तट भक्कम, सिद्दीच्या तोफांचं काही चालेना. तेव्हा इंग्रजांकडचा एक खास माल कामाला येईल असं दोन्हीकडे सुचलं. हा माल म्हणजे स्फोटक गोळे.

साधा तोफगोळा म्हणजे भरीव लोखंड. तो भिंतीवर आदळतो, दगड फोडतो, संपला. स्फोटक गोळा पोकळ असतो. त्याच्या पोटात दारू ठासायची, तोंडाला वात बसवायची, आणि तो उंच कमानीतून तटावरून पलीकडे टाकायचा. वात लांब ठेवली तर गोळा नुसता पडून राहतो, एखादा धीट माणूस ती विझवूनही टाकतो. आखूड ठेवली तर गोळा हवेतच फुटतो, नाहीतर फेकणाऱ्याच्याच अंगावर येतो. किती अंतर, किती दारू, किती बोटं वात, हे गणित ज्याला येतं त्याच्याच हाती हे काम. म्हणजे नुसता माल विकून भागत नव्हतं. माहीतगार माणसंही लागत होती.

रेव्हिंग्टन आणि त्याचे काही साथीदार गोळे घेऊन स्वतः पन्हाळ्याला आले. विजापूर दरबाराची मर्जी मिळेल, पुढे व्यापाराला सवलती मिळतील, हा हिशेब. आणि गोळे फेकताना त्यांनी इंग्रजांचं निशाणही फडकवलं! गडावरच्या लोकांना कोण मारतंय ते लांबूनच दिसलं.

महाराज ते विसरले नाहीत. मार्च १६६१ मध्ये त्यांनी राजापूरवर चाल केली, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैद केलं. काही जणांनी जवळजवळ दोन वर्षं गडकोटांत काढली.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कैदेतले इंग्रज सुरतेला आपल्या वरिष्ठांकडे पत्रांवर पत्रं पाठवत होते. आम्ही कंपनीचे नोकर, कंपनीच्या कामात आमच्यावर ही वेळ आली, तुम्ही आमच्यासाठी काहीच करत नाही, अशी तक्रार. सुरतेहून जे उत्तर आलं ते फार कडक होतं. त्याचा मतलब असा, की तुम्ही कैदेत का पडलात ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. कंपनीचा माल राखताना तुम्ही पकडले गेला नाहीत. पन्हाळ्याच्या वेढ्याला जाऊन, इंग्रजांचं म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं निशाण लावून तुम्ही गोळे फेकलेत, त्याची ही फळं.

आता सुरतेची मंडळी काही संत नव्हती. गोळ्यांना यश आलं असतं आणि दरबाराने सवलती दिल्या असत्या, तर त्यांनी पत्र कसं लिहिलं असतं याची मला शंकाच आहे. पण एक बघा. 'आम्ही फक्त आमचं काम केलं' हे उत्तर त्यांच्या स्वतःच्या कंपनीनेही ऐकून घेतलं नाही. आणि ज्याच्यावर गोळा पडतो तो तर ऐकून घेणारच नाही.

इथे तुमच्यातला एखादा चुणचुणीत वाचक हात वर करणार. "पण महाराजांच्या गडांवरही तोफा होत्याच ना? त्याही कुणीतरी ओतल्याच होत्या की!" बरोबर आहे. तोफा होत्या, आणि परदेशी व्यापाऱ्यांकडून तोफा-दारूगोळा महाराज विकतही घेत. शाहूवाडी-पन्हाळ्याच्या गावागावांतून आजही मुलं फौजेत भरती होतात. सीमेवरच्या पोराच्या हातात खात्रीचं हत्यार असावं असं त्याच्या आईला वाटणारच, आणि ते हत्यार कुणीतरी इंजिनिअरच बनवणार. तेव्हा हत्यार बनवणारे सगळे वाईट आणि बाकीचे सगळे चांगले, इतकं हे सोपं नाही. सोपं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता.

रेव्हिंग्टनचं चुकलं ते कुठे? ज्या भांडणाशी आपला संबंध नाही त्यात त्याने आपली कला भाड्याने दिली, आणि गोळा कुणावर पडणार हा प्रश्न 'आपल्याला काय मिळणार' या प्रश्नाच्या मागे टाकला. पण ज्याने चांगल्या हेतूने हत्यार बनवलं त्याचं काय? त्याची सुटका होते का?

यासाठी एका रशियन माणसाकडे जाऊ. मिखाईल कलाश्निकोव्ह. नाव ऐकलं नसेल तरी त्यांची वस्तू तुम्हाला ठाऊक आहे. 'ए. के. ४७' मधला 'के' म्हणजे हेच. शेतकऱ्याच्या घरात १९१९ साली जन्म. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यावर होते, १९४१ मध्ये जखमी होऊन इस्पितळात पडले. जर्मनांकडे चांगल्या बंदुका आहेत आणि आमच्याकडे नाहीत, ही तळमळ तिथे त्यांना लागली. देशावर हल्ला झालेला, सोबती मरताहेत, तेव्हा त्यांच्या हेतूला कोण नावं ठेवणार? त्यांनी बनवलेली रायफल साधी, दणकट, चिखलात पडली तरी चालणारी. १९४९ मध्ये ती सोव्हिएत फौजेने स्वीकारली. आणि मग ती जगभर पसरली. फौजांकडे गेली, बंडखोरांकडे गेली, आफ्रिकेत तुमच्याएवढ्या मुलांच्या हातात गेली. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत सीएसटी स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेल्या माणसांवर ज्या रायफली चालल्या, त्या याच घराण्यातल्या.

कलाश्निकोव्ह बरीच वर्षं सांगत राहिले की दोष राजकारण्यांचा, माझा नाही. म्हणजे आपला सुरीचाच निबंध! पण २००२ साली ते बोलून गेले की यापेक्षा शेतकऱ्यांच्या उपयोगाचं एखादं यंत्र आपण बनवलं असतं तर बरं झालं असतं, गवत कापायचं यंत्र वगैरे. २०१३ च्या डिसेंबरात, ९४ व्या वर्षी ते गेले. त्याच्या काही महिने आधी त्यांनी रशियातल्या सर्वोच्च धर्मगुरूंना पत्र लिहिलं होतं. माझ्या बंदुकीने माणसं मेली, तर त्या मृत्यूंचा दोष माझ्याकडे येतो का, हा प्रश्न त्या पत्रात होता. साऱ्या आयुष्यात मानमरातब मिळालेला माणूस शेवटी हे विचारतो.

आणि एक माणूस असा होता, ज्याने हा प्रश्न काम चालू असतानाच विचारला. जोसेफ रॉटब्लाट, पोलंडमध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ. महायुद्धात अमेरिकेत अणुबॉम्बचं काम चाललं होतं, तिथे १९४४ साली ते सामील झाले. कारण एकच. हिटलरने आधी बॉम्ब बनवला तर जगाची खैर नाही, म्हणून आपल्याकडेही तो हवा. त्यांची बायको पोलंडमध्येच अडकली होती, पुढे तिचा पत्ताच लागला नाही. म्हणजे हिटलरला थांबवायची गरज त्यांच्याइतकी कुणाला असेल! पण १९४४ च्या अखेरीला कळलं की जर्मनीचं बॉम्बचं काम पुढे सरकलेलंच नाही. ज्या कारणासाठी आलो ते कारण संपलं, असं म्हणून रॉटब्लाट यांनी काम सोडलं. वरिष्ठांना त्यांचा संशय आला, हा हेर तर नाही ना! पण ते गेले. बाकीचे थांबले. त्या बाकीच्यांत मोठमोठी माणसं होती. कुणाला आपला प्रयोग पुरा झालेला बघायचा होता, कुणाला वाटलं की युद्ध लवकर संपेल. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला.

रॉटब्लाट यांनी भौतिकशास्त्र सोडलं नाही, हे विशेष. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या महाविद्यालयात त्यांनी किरणांचा रोग्यांवर काय परिणाम होतो, उपचारासाठी ते कसे वापरता येतील, यावर काम केलं. शिवाय अण्वस्त्रं कमी व्हावीत म्हणून दोन्ही गटांतल्या शास्त्रज्ञांना एकत्र बसवायची खटपट केली. १९५७ साली कॅनडातल्या पगवॉश या लहानशा गावात पहिली बैठक झाली, आणि तेच नाव त्या चळवळीला पडलं. १९९५ चं शांततेचं नोबेल पारितोषिक त्यांना आणि पगवॉशला मिळून देण्यात आलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळे मोठ्या लोकांचे प्रश्न, आम्हाला काय करायचंय अणुबॉम्बचं? ठीक आहे. चला, परत कोल्हापूरला या.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर, आताच्या किर्लोस्करवाडीत, कारखाना काढला. त्यांचा मुख्य माल लोखंडी नांगर. हे नांगर सुरुवातीला कुणी घेईनात! लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत. नांगरांचा ढीग पडून राहिला, तरी लक्ष्मणराव तोच धरून बसले. हळूहळू शेतकऱ्यांची खात्री पटली, मागणी वाढली, आणि तेवढ्यात १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. लोखंड मिळेनासं झालं, कारण जगभरचं लोखंड तोफांकडे चाललं होतं. त्या वेळची एक हकीकत कोल्हापुरात सांगतात. शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर पडून असलेल्या जुन्या, निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या. त्या भट्टीत गेल्या, वितळल्या, साच्यात ओतल्या गेल्या आणि नांगर होऊन बाहेर आल्या.

विचार करा, लोखंड तेच. भट्टी तीच, कोळसा तोच, साचा करणाऱ्याचे हातही तसेच. तोफ ओतायला जे ज्ञान लागतं, जवळजवळ तेच नांगर ओतायलाही लागतं. लोखंडाला यातलं काहीच ठरवता येत नाही. साचा कशाचा करायचा ते कुणीतरी ठरवलं. आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीला, गोकुळ शिरगावला शेकडो फौंड्र्या आणि मशिनशॉप आहेत. शाहूवाडी-मलकापूरकडची कितीतरी मुलं आयटीआय करून तिथे कामाला जातात. पंपांचे, ट्रॅक्टरचे, मोटारींचे भाग रोज ओतले जातात. साचा अजूनही माणूसच बनवतो.

आता आणखी जवळ येऊ, थेट बांधावर.

शाहूवाडी तालुका म्हणजे निम्मं शेत आणि निम्मं जंगल. आंबा घाटाच्या बाजूला, चांदोलीच्या बाजूला गावांना जंगल खेटून आहे. रात्री गवे उतरतात, रानडुकरं उतरतात, आणि वर्षभर राबून उभं केलेलं भात, नाचणी, ऊस एका रात्रीत तुडवून जातात. शेतकऱ्याचा संताप खरा आहे. गव्याला मारू नका असं शहरात बसून सांगणाऱ्याने एकदा तुडवलेल्या भातात उभं राहून बघावं.

या भांडणावर एक उपाय काही जण करतात. खांबावरून वीज घेऊन कुंपणाच्या साध्या तारेत सोडायची. विजेचं ज्ञान आहे, हात चालतो, काम फत्ते. पण घरच्या विजेचा दाब २३० व्होल्ट, आणि ती सलग वाहते. तारेला हात लागला की स्नायू आवळले जातात, हात सुटतच नाही, आणि हृदय बंद पडतं. ती तार गव्याला ओळखत नाही, तशी पहाटे वैरणीला निघालेल्या बाईलाही ओळखत नाही. अशा तारांनी जनावरं मेली आहेत आणि माणसंही मेली आहेत, कधी लावणारा स्वतःच. म्हणूनच तो गुन्हा आहे.

दुसरा उपाय म्हणजे सौर कुंपण, ज्याला गावात 'झटका मशीन' म्हणतात. यात तारेत पाच-सात हजार व्होल्ट, कधी त्याहून जास्त असतात! ऐकून घाबरलात ना? पण हे यंत्र ज्याने आखलं त्या इंजिनिअरची खरी कमाल पुढे आहे. सूर्याच्या पाट्यावर बॅटरी भरते. यंत्रातला कपॅसिटर थोडी थोडी वीज साठवतो आणि साधारण सेकंदाला एकदा ती तारेत सोडून देतो. हा ठोका सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकाही टिकत नाही. ऊर्जा मोजून मापून ठेवलेली असते. सणसणीत चटका बसतो, जनावर दचकून मागे फिरतं, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात स्नायू सैल पडतात, म्हणजे चिकटून राहायची भीती नाही. गवा दुसऱ्यांदा त्या वाटेने यायचं टाळतो.

हजारो व्होल्टची तार माणसाला जिवंत सोडते आणि २३० व्होल्टची मारते, हे कोडं विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना जरूर विचारा, तासभर छान चर्चा होईल. मला मात्र त्या यंत्राच्या आखणीत दुसरंच काही दिसतं. कागदावर रेघोट्या ओढताना कुणीतरी आधीच विचार केला होता, की या तारेला चुकून कुणाचा हात लागेल? लहान मूल असेल तर? आणि मग ठोक्याची लांबी ठरवली.

पालकांनाही एक सुचवावंसं वाटतं. मुलाला इंजिनिअरिंगला घालताना आपण कॉलेज बघतो, फी बघतो, पुढे नोकरी किती पगाराची लागेल ते बघतो. बघायलाच हवं, कर्ज काढलेलं असतं. पण नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला पोरगा घरी आला की 'पगार किती' याच्याबरोबर 'तुम्ही बनवता काय, आणि ते जातं कुठे' एवढंही विचारून बघा. त्याला सांगता आलं तर छान. सांगता येत नसेल, तर तो सुट्टी संपवून जाताना ते शोधत जाईल.

आणि मुलांनो, तुम्ही या दिवसांत शाहूवाडीकडे गेलात आणि कुठल्या शेताला असं कुंपण दिसलं, तर तारेला हात लावून बघायचा उद्योग करू नका. मालकाला हाक मारा. यंत्राची पेटी बहुतेक खोपीत असते. तिच्याजवळ कान नेलात तर आतून ठोका ऐकू येतो. टक्. मग सेकंदभर काही नाही. पुन्हा टक्. आपलं घड्याळ लावून मोजा, आणि दोन ठोक्यांत किती वेळ जातो ते मला पत्राने कळवा.